छोट्या कुत्र्याची ताटातुटीची भीती आणि त्याची हक्काची गादी

तुम्ही दाराला कुलूप लावता, लिफ्टचं बटण दाबता आणि आतून रडणं सुरू होतं. संध्याकाळी परत आल्यावर शेजारच्या काकू सांगतात, "दुपारपर्यंत ओरडत होता हो बिचारा." दाराच्या चौकटीवर ओरखडे, पायपुसण्याच्या चिंध्या, हॉलमध्ये शू आणि सकाळी घातलेलं खाणं वाटीत तसंच्या तसं. शित्झू, पॉमेरेनियन, पग, ल्हासा, डॅशहुंड अशी छोट्या चणीची कुत्री दिवसा मांडीवर आणि रात्री पायथ्याशी वाढतात. २०२०च्या टाळेबंदीत आणलेल्या पिल्लांनी तर रिकामं घर कधी बघितलंच नव्हतं. घरातली माणसं पुन्हा ऑफिसला जायला लागली तेव्हा त्यांच्यासाठी ते आक्रीतच होतं. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो : 'कामिंग बेड' म्हणून विकतात ती गोल, मऊ गादी घ्यावी का?

गादी हवीच. मात्र ती विकतचीच हवी असं नाही, आणि नुसती आणून कोपऱ्यात टाकली म्हणून एकटेपणाची भीती जात नाही. गादी ही एकटं राहण्याचा सराव करायची जागा आहे. तो सराव तुम्ही घरात असतानाच सुरू करायचा असतो, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

त्याआधी एक खात्री करून घ्या. जुना मोबाइल कपाटात उभा करून व्हिडिओ चालू करा आणि अर्ध्या-पाऊण तासासाठी नेहमीसारखं बाहेर जा. परत आल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं नीट बघा. ताटातुटीची भीती असलेला कुत्रा बहुधा तुम्ही गेल्यावर काही मिनिटांतच अस्वस्थ होतो. दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझाऱ्या घालतो, हवा थंड असूनही धापा टाकतो, लाळ गाळतो, दाराच्या फटीला नाक लावून रडतो आणि समोर आवडीचं खाणं असलं तरी त्याला तोंड लावत नाही. कंटाळलेल्या कुत्र्याचं वेगळं असतं. तो आधी एक झोप काढतो, मग उठून चप्पल शोधतो आणि मजेत कुरतडत बसतो. त्याला फिरणं आणि उद्योग वाढवून द्यावा लागतो, त्याच्यासाठी पुढचा खटाटोप नको. तुम्ही घरात असतानाही शू होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग आहे का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. म्हाताऱ्या कुत्र्यात ही भीती अचानक दिसू लागली तर दुखणं, कमी झालेली नजर किंवा म्हातारपणातलं गोंधळलेपण हे कारण असू शकतं.

'मी गेलो म्हणून त्याने मुद्दाम सूड उगवला' हा समज मात्र मनातून काढून टाका. तो घाबरलेला असतो. खाली पाडलेले कान आणि चोरटी नजर बघून आपल्याला वाटतं, याला आपली चूक कळली आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसत होता. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद आहे. परत आल्यावर कुत्र्याला ओरडलं, नाक शूजवळ नेलं, की त्याच्या जिवाला दोन धास्त्या लागतात : तुम्ही जाण्याची आणि तुम्ही येण्याची.

मग गादीचं काम काय? नवजात पिल्लाला पहिले दोनेक आठवडे स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. ते आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात घुसून ऊब मिळवतं. अंगाला काहीतरी टेकलेलं असणं आणि सुरक्षित असणं यांची सांगड तिथेच पडते. पुढेही पुष्कळ कुत्री सोफ्याच्या हाताला, भिंतीला, तुमच्या पोटरीला पाठ टेकवूनच झोपतात. छोट्या कुत्र्याचं अंग लहान असल्याने त्यातून उष्णताही लवकर जाते, म्हणून त्याला आडोसा आणि ऊब जास्त लागते.

दुसरी गोष्ट वासाची. अमेरिकेत एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना भूल न देता एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बारा कुत्र्यांना ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्यांचे आणि स्वतःचा असे वास देण्यात आले. मेंदूतला जो भाग काही चांगलं मिळण्याच्या अपेक्षेने जागा होतो, त्याचा सर्वांत ठळक प्रतिसाद ओळखीच्या माणसाच्या वासाला मिळाला. याचा घरगुती अर्थ सरळ आहे : गादीला तुमचा वास हवा.

टेकायला कड, अंगाला बेताची ऊब आणि घरच्या माणसाचा वास. या तीन गोष्टी असल्या की गादी चांगली, मग तिची किंमत काहीही असो. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या घरात यासाठी जुन्या गोधडीसारखी वस्तू नाही. आजीच्या किंवा आईच्या नेसून मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर, हवा खेळती, धुवायला सोपी आणि घराचा वास मुरलेली. लहान गोधडीच्या दोन घड्या घाला. जुन्या सुती पायजम्याचा एक पाय कापून घ्या, त्यात जुने टॉवेल घट्ट गुंडाळून भरा आणि दोन्ही टोकं शिवून टाका. असे दोन-तीन लोड गोधडीच्या तीन बाजूंना जाड दोऱ्याने पक्के टाचा. चौथी बाजू आत-बाहेर करायला मोकळी. वर तुम्ही दोन दिवस घातलेला, न धुतलेला सुती टीशर्ट पसरा.

विकतची घ्यायची असेल तर मोजमाप घेऊन जा. कुत्रा अंग पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्यात वीतभर वाढवा. मुटकुळं करून झोपणाऱ्याला गोल गादी बरी, तंगड्या ताणून झोपणाऱ्याला लांबट. 'मोठी घेतलेली बरी' हा हिशेब इथे चालत नाही. फार मोठ्या गादीत कड पाठीला लागतच नाही, मग तिचा उपयोग काय? समोरची बाजू खाली दबलेली असावी. डॅशहुंडला पाठीच्या मणक्यांचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, त्याला गादीत चढायला उडी मारावी लागू नये. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कोपरांना आणि खुब्यांना जमीन टोचू नये इतका दाट फोम खाली असावा.

कापडाच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार करा. लांब केसांच्या, लोकरीसारख्या गाद्या थंड देशांतल्या घरांना ठीक आहेत. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत त्यांवर झोपून कुत्रा घामाघूमही होऊ शकत नाही. त्याला घाम येतो तो नावापुरता, तळव्यांना. अंग थंड करायचं मुख्य साधन म्हणजे धापा टाकणं, आणि पग, शित्झू यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. त्यामुळे वर सुती खोळ, आणि गादीशेजारी मोकळी फरशी, म्हणजे उकडलं की तो उठून तिथे पसरेल. नागपूरच्या मे महिन्यात त्याने गादी सोडून फरशी पकडली तर त्याला गादीवर नेऊन बसवू नका. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात तोच कुत्रा लोडाच्या आत तोंड खुपसून झोपेल.

कुरतडणाऱ्या कुत्र्याला कापूस भरलेली गादी देऊन बाहेर जाऊ नका. कापूस, फोमचे तुकडे, चेन, लोंबणारे दोरे पोटात गेले तर आतडं अडू शकतं, त्यात दोरा तर फारच वाईट. अशा कुत्र्याला आधी एक साधी जाड चादर द्या आणि गोधडीचे सुटलेले टाके रोज तपासा.

धुण्याचंही बघायला हवं. सगळं एकदम धुतलं की घराचा वास जातो आणि गादी परकी होते. या आठवड्यात खोळ, पुढच्या आठवड्यात टीशर्ट, असं आलटून पालटून करा. सुगंधी कंडिशनर टाळा. आपल्याला तो मंद वाटतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड शिवणींमध्ये आणि लोडाच्या खोबणीत लपून बसतात, त्यांच्यामार्फत गोचीडताप होतो. म्हणून त्या दिवसांत शिवण बोटाने उलगडून बघा, खोळ गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

गादी कुठे ठेवायची? दारासमोर नको. तिथे बसलेला कुत्रा दिवसभर जिन्यातल्या प्रत्येक पावलाला कान टवकारतो. बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत एकट्यालाही नको, कारण तो आपल्याला बाहेर काढल्यासारखं समजतो. हॉलचा किंवा झोपण्याच्या खोलीचा असा कोपरा निवडा जिथे दोन बाजूंना भिंत आहे, एसीचा झोत थेट येत नाही आणि कुकरची शिट्टी, वॉशिंग मशीनची धडधड जवळ नाही. तो आपण होऊन जिथे झोपतो ती जागा बहुतेकदा बरोबर असते. नव्या पिल्लाची गादी पहिले काही दिवस रात्री तुमच्या पलंगाशेजारी ठेवा आणि मग रोज थोडी थोडी कोपऱ्याकडे सरकवा.

आता शिकवणं. पहिले काही दिवस त्याला गादीवर 'जा' म्हणू नका, उचलून ठेवू नका. तो बघत नसताना उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा गादीवर टाकून ठेवा. थोड्या वेळाने त्याला तो सापडेल. दिवसातून पाच-सहा वेळा असं झालं की तो स्वतःच तिथे चक्कर मारायला लागतो. तो गादीवर असताना औषध पाजायचं नाही, नखं कापायची नाहीत, अंघोळीसाठी उचलायचं नाही. घरातल्या मुलांनाही नियम सांगा : भूभू गादीवर असला की त्याला हात लावायचा नाही. ती जागा त्याच्या हक्काची आहे, हे सगळ्या घराने पाळायचं असतं.

तो आपण होऊन बसायला लागला की शेजारी जमिनीवर बसा, हातात पुस्तक घ्या आणि त्याचं अंग बघत राहा. आमची पॉम गादीवर चढली की आधी पंजांनी गोधडी खरवडते, दोन-तीन गिरक्या घेते आणि धप्पकन बसते. पण तेवढ्यावरून ती निवांत झाली असं समजायचं नसतं. पुढचे दोन्ही पाय सरळ, मागचे दोन्ही पोटाखाली आणि मान ताठ, म्हणजे ती अजून उठायच्या तयारीत आहे. थोड्या वेळाने मागचे पाय एका बाजूला सरकतात आणि खुबा कलंडतो. मग हनुवटी लोडावर येते, कानांची टोकं सैल पडतात आणि नाकातून एक लांब श्वास सुटतो. हा श्वास ऐकल्यावर खाऊचा तुकडा हळूच तिच्या पंजांमध्ये ठेवायचा, बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. शाबासकी मिळते ती बसण्याला नाही, शांत होण्याला.

यानंतर अंतर वाढवा. एक पाऊल मागे आणि परत. दोन पावलं, परत. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत, परत. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरून परत. तो उठून मागे आला तर रागवू नका, तुम्ही घाई केलीत एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या घरात तुम्ही बाथरूमला गेलात तरी मागोमाग येणारा कुत्रा, तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना गादीवर दहा-पंधरा मिनिटं झोपून राहायला लागला, म्हणजे अर्धं काम झालं.

बाहेरच्या दाराकडे वळण्याआधी तुमच्या निघण्याच्या खुणा बोथट करा. किल्ल्यांचा खुळखुळाट, हेल्मेट, पर्स, डब्याची पिशवी, बुटांच्या नाड्या. यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याला पाठ असते, आणि त्याची भीती तुम्ही दाराबाहेर पडायच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असते. किल्ल्या उचला आणि टीव्ही बघत बसा. हेल्मेट घाला आणि भाजी निवडा. बूट घालून घरात फेरी मारा, काढून ठेवा. रोज काही वेळा. किल्ल्या वाजल्यावर त्याने नुसता एक डोळा उघडून परत मिटला, की ही पायरी झाली.

मग दार. बाहेर जा, लगेच आत या. पाच सेकंद, मग तीन, मग दहा, मग परत चार. सतत चढती भाजणी ठेवली तर प्रत्येक वेळ आधीपेक्षा कठीण होत जाते, म्हणून मध्ये सोप्या वेळा पेरायच्या. पण परतायचं तो घाबरण्याआधी. तो रडायला लागला तर आत जा, त्याला सावरू द्या आणि पुढच्या खेपेला वेळ निम्म्याहून कमी करा. 'रडू दे, आपोआप सवय होईल' हा सल्ला तुम्हाला पुष्कळ लोक देतील. घाबरलेला कुत्रा रडून रडून दमतो, त्याची भीती मात्र तशीच राहते आणि पुष्कळदा वाढते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज किती वेळ जमला ते लिहून ठेवा. सुरुवातीची मिनिटं मिळवायला फार वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास निवांत जायला लागला की पुढची वाढ सहसा मोठ्या टप्प्यांनी होते. काही घरांत हे काही आठवड्यांत जमतं, काही घरांत कित्येक महिने लागतात.

नोकरी करणाऱ्या घरात सगळ्यात अवघड गोष्ट पुढची आहे. हा सराव चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. सकाळी दोन मिनिटांचा सराव करायचा आणि मग नऊ तास कुलूप लावायचं, तर मिळवलेलं त्याच दिवशी जातं. आजी-आजोबा जवळ राहत असतील तर त्यांच्याकडे सोडा, नवरा-बायकोने ऑफिसच्या वेळा मागेपुढे करून बघा, शेजारच्या कॉलेजच्या मुलीला दुपारी अभ्यासाला तुमच्या घरी बसायला सांगा, डॉग डे-केअर परवडत असेल तर ते. गादीवरचा टीशर्ट त्याच्यासोबत तिकडेही पाठवा. पूर्ण शिकलेल्या, तंदुरुस्त कुत्र्यालाही सलग चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये, असा सल्ला ब्रिटनमधली डॉग्ज ट्रस्ट ही संस्था देते. आपल्याकडच्या नोकऱ्यांत तो पाळणं कठीण आहे, पण दुपारी कोणीतरी येऊन फिरवून आणेल एवढी सोय तरी करावी.

खरोखर निघायच्या दिवशी आधी त्याला भरपूर हुंगू देत, रमतगमत फिरवून आणा. पाऊस असेल तर घरातच टॉवेलच्या घड्यांमध्ये खाऊ लपवून शोधायला लावा. मग गादीवर चाटायचं काहीतरी द्या : पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला. उरलेली भाजी-आमटी घालू नका. तिच्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. पीनट बटर घेतलंत तर त्यात झायलिटॉल ही गोडी नाही ना, हे बाटलीवर वाचा. तुम्ही नसताना हे खेळणं तसंच पडून राहिलं तर कुत्रा घाबरलेला होता असं समजा.

जाताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असा सल्ला अनेकजण देतात. मला तो इतका कडक पाळावासा वाटत नाही. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात, निघण्याआधी मिनिटभर शांतपणे कुरवाळलेली कुत्री थोड्या वेळच्या ताटातुटीत अधिक शांत दिसली. हळू आवाजात 'येते हं' म्हणा आणि निघा. मिठ्या, रडवेला आवाज, दारातून तीनदा परत येणं हे मात्र नको.

गादी पिंजऱ्यात ठेवून दार लावू नका. अशी भीती असलेली कुत्री गज चावून दात मोडून घेतात, नखं उखडून घेतात. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा घाबरलेल्या जिवाला आणखी घाबरवतो. सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणाल, तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण त्याला ओढ तुमची असते. सोसायटीत तक्रारी आल्या तर घाबरून घाईचे उपाय करू नका. भुंकतो म्हणून सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. तरीही शेजाऱ्यांच्या दारी स्वतः जा, सराव चालू आहे ते सांगा आणि ओरडण्याची वेळ त्यांच्याकडून लिहून घ्या. तुमच्या कॅलेंडरला ती माहिती लागेलच.

एवढं करूनही काही आठवड्यांत कणभर फरक दिसला नाही, किंवा कुत्रा स्वतःला इजा करून घेत असेल, दिवसभर अन्नपाणी सोडत असेल, खिडकीच्या जाळीवर धडका मारत असेल, तर पशुवैद्याकडे जायला उशीर करू नका. क्लोमिप्रॅमिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं कुत्र्यांच्या याच त्रासासाठी अमेरिकेत अनुक्रमे १९९८ आणि २००७ मध्ये मंजूर झाली, तीही अशा सरावाच्या जोडीने द्यायची म्हणून. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. घरातल्या माणसाच्या गोळ्यांतून अंदाजाने डोस देऊ नका. गोचिडांसाठी अमिट्राझ असलेलं औषध किंवा पट्टा वापरत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या गोळ्यांबरोबर ते चालत नाही. गावात जाणकार डॉक्टर नसतील तर परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दाखवता येतं. जाताना मोबाइलमधला तो अर्ध्या तासाचा व्हिडिओ आणि कॅलेंडरचं पान सोबत न्या. तपासणीच्या टेबलावर कुत्रा तुमच्या शेजारी असतो, त्यामुळे तो घरी एकटा असताना काय करतो हे डॉक्टरांना त्या व्हिडिओतच बघता येईल.